लिखेल बारीक नही, पुसट शे : रंगांधत्व किंवा अल्पदृष्टी असताना फोन आणि संगणक लावून घेण्याची पद्धत

मला लाल आणि हिरवा रंग नीट वेगळे करता येत नाहीत, हे मला वयाच्या बाविसाव्या वर्षी कळले. भुसावळ जवळ असल्यामुळे आमच्याकडची बरीच मुले रेल्वेच्या नोकरीचा अर्ज करतात. मीही केला होता, आणि वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या पानांवरचे आकडे मला दिसेनात. तोवर कच्चे आणि पिकलेले फळ मी हाताने चाचपून ओळखतो, याचे मला स्वतःलाही कधी नवल वाटले नव्हते.

पुढे आईला काचबिंदू झाला. ती अमळनेरकडची आहे, घरात अहिराणी बोलते आणि फोनवर बातम्या व भजनांचे शब्द वाचते. मी तिच्या फोनवरची अक्षरे सर्वांत मोठी करून दिली आणि काम झाले असे समजलो. जवळजवळ वर्षभरानंतर ती म्हणाली, “लिखेल बारीक नही शे रे भाऊ, पुसट शे.” म्हणजे ते वर्षभर मी चुकीच्या अडचणीवर उपाय करीत होतो. काचबिंदूत अक्षर ओळखण्याची क्षमता बऱ्यापैकी शाबूत असतानाही फिकट आणि गडद यांतला फरक कळणे कमी होते, हे मला डॉक्टरांना विचारल्यावर समजले. तिला मोठ्या अक्षरांपेक्षा ठळक अक्षरे हवी होती.

पुढील टप्पे मी याच अनुभवातून लावले आहेत. यातील जवळपास सर्व सोयी फोनमध्ये, संगणकात किंवा ब्राउझरमध्ये आधीपासून असतात आणि त्यांना पैसे पडत नाहीत.

१. आधी डोळे तपासून घ्या

चष्म्याचा नंबर बदललेला असताना फोनची मांडणी करणे व्यर्थ आहे. नेत्रतज्ज्ञांकडे गेल्यावर चष्मा लावून चांगल्या डोळ्याने किती दिसते, दृष्टिक्षेत्र किती उरले आहे आणि उजेडाचा त्रास होतो का, या तीन गोष्टी विचारून लिहून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी पण ३/६० पर्यंत असेल, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी पण १० अंशांपर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी धरली जाते. रंगांधत्व मात्र या कायद्यातील २१ प्रकारांत नाही, त्यामुळे केवळ त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. या बाबतीत चुकीची आशा दाखवणारे पुष्कळ भेटतात.

रंगांची तपासणी बहुतेक ठिकाणी इशिहारा यांच्या ठिपक्यांच्या पानांनी होते. ही पद्धत जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. तीच पाने फोनवर पाहून निष्कर्ष काढू नका. प्रत्येक पडद्याचे रंग वेगळे असतात, आणि डोळ्यांना आराम देणारा पिवळसर प्रकाश चालू असेल तर चाचणीला काही अर्थ उरत नाही.

जन्मजात लाल-हिरवे रंगांधत्व एक्स गुणसूत्रातून येते, म्हणून ते मुलग्यांत अधिक आढळते आणि आयुष्यभर साधारण सारखेच राहते. याउलट चांगले दिसणारे रंग अलीकडे फिके वाटू लागले असतील, तर तो सेटिंगचा विषय नाही, ताबडतोब डॉक्टरांकडे जा. विशेषतः क्षयरोगाच्या उपचारात दिल्या जाणाऱ्या इथॅम्ब्युटॉल या औषधामुळे काही रुग्णांच्या दृष्टीच्या नसेवर परिणाम होतो आणि लाल-हिरवा भेद कमी होऊ लागतो. औषध स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना सांगण्यात एक दिवसही दवडू नका.

२. अडचण नेमकी कोणती, हे कागदावर लिहा

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे, आणि बहुतेक जण तोच टाळतात. ज्यांच्यासाठी मांडणी करायची त्यांच्या शेजारी बसा आणि ते रोज जी पाने उघडतात तीच उघडायला सांगा. बातम्यांचे पान, बँकेचे पान, सातबारा, हवामान असे जे असेल ते. फोन त्यांच्या हातातून घेऊ नका. कुठे थांबतात, फोन जवळ नेतात की लांब धरतात, मान तिरपी करतात का, हे पाहा. मग पुढीलपैकी कोणती अडचण आहे ते ठरवा, कारण प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे आणि एकीचा उपाय दुसरीला बाधू शकतो.

अक्षर बारीक वाटत असेल तर ते मोठे करणे हा सरळ उपाय आहे. अक्षर पुसट वाटत असेल तर अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक वाढवायला हवा. पांढरे पान डोळ्यांवर येत असेल, जे मोतीबिंदू असलेल्यांत वारंवार आढळते, तर काळी पार्श्वभूमी आणि कमी प्रकाश यांचा उपयोग होतो. परंतु दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) असलेल्या काही जणांना काळ्यावरची पांढरी अक्षरे पसरल्यासारखी दिसतात. म्हणून “डार्क मोड सर्वांना चांगला” हे ऐकून कोणाच्याही फोनवर तो लावू नका, दोन्ही दाखवा आणि त्यांनाच निवडू द्या.

नळीतून पाहिल्यासारखा मधला थोडाच भाग दिसत असेल, तर खूप मोठे केल्याने नुकसानच होते, कारण आधीच अरुंद असलेल्या नजरेत एका वेळी दोनच अक्षरे मावतात. अशा व्यक्तीला मध्यम आकाराची पण ठळक अक्षरे आणि अरुंद ओळी सोयीच्या जातात. याउलट नजरेच्या मध्यभागी डाग पडला असेल, तर मोठे करणे खरोखर उपयोगी ठरते. असे लोक मान तिरपी करून कडेच्या नजरेने वाचतात. ती सवय मोडायला सांगू नका, तोच त्यांचा वाचण्याचा मार्ग आहे.

रंगच मिसळत असतील तर अक्षराच्या आकाराला हात लावण्याचे कारण नाही.

३. लागणारे साहित्य

फोन किंवा संगणक, त्याचा पासवर्ड, वायफाय किंवा पुरेसा डेटा, चालू नंबरचा चष्मा, डोळ्यांच्या तपासणीचे कागद, एक जाड काळा पेन आणि कोरा कागद. अल्पदृष्टीचे प्रमाणपत्र काढायचे असेल तर आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र आणि उपचारांचे जुने कागद बरोबर ठेवा. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन या संकेतस्थळावर होतो आणि तपासणी ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. मांडणी भर दुपारी अंगणात बसून करू नका. जळगाव-भुसावळच्या उन्हात कोणताही पडदा फिकाच दिसतो. खिडकी पाठीमागे येणार नाही अशी घरातील जागा निवडा.

४. अँड्रॉइड फोन : आकार आणि ठळकपणा

सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी हा विभाग शोधा. काही कंपन्या तो अतिरिक्त सेटिंग्जच्या आत ठेवतात, म्हणून सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत नाव टाकणे सर्वांत सोपे. अक्षरांचा आकार आणि डिस्प्लेचा आकार या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. पहिलीने फक्त मजकूर वाढतो, दुसरीने बटणे आणि चित्रेही वाढतात. दोन्ही एकदम शेवटपर्यंत ओढल्या तर काही अ‍ॅपमधील बटणे पडद्याबाहेर जातात आणि पैसे पाठवण्याचे पान पुढे सरकतच नाही. प्रत्येकी एक पायरी वाढवा, दोन दिवस वापरू द्या, मग पुढची पायरी.

अक्षरे ठळक करण्याचा पर्याय आणि मजकुराचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक, वाढवण्याचा पर्याय याच विभागात असतो. आईच्या बाबतीत खरा फरक या दोन बटणांनी पडला. मग अक्षरांचा आकार मी उलट दोन पायऱ्या कमी केला, आणि तिला एका नजरेत जास्त ओळी दिसू लागल्या.

भिंगाची सोयही येथेच आहे. ती चालू केल्यावर पडद्यावर तीनदा टकटक केले की तो भाग मोठा होतो आणि दोन बोटांनी सरकवता येतो. येथे एक अडचण नेहमी येते. तीन टकटकींचा पर्याय चालू असला की साध्या एका स्पर्शालाही फोन क्षणभर थांबून प्रतिसाद देतो, कारण पुढच्या टकटकीची तो वाट पाहतो. फोन हळू झाला असे वाटून लोक तो दुरुस्तीला नेतात. त्याऐवजी भिंगासाठी पडद्याच्या कडेला राहणारे बटण निवडा.

दुसरी अडचण टॉकबॅकची, म्हणजे पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयीची. दोन्ही आवाजाची बटणे काही सेकंद दाबून धरल्यास अनेक फोनांवर तो चालू होतो. मग एका स्पर्शाने काहीच उघडत नाही, फोन बोलू लागतो आणि घरातले घाबरतात. एकदा स्पर्श करून निवडायचे आणि दोनदा टकटक करून उघडायचे, एवढे लक्षात ठेवा, आणि तीच दोन बटणे पुन्हा दाबून धरून तो बंद करा.

५. फोनवरील रंग

अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये रंग सुधारणा हा पर्याय असतो. त्यात सर्वसाधारणपणे तीन प्रकार दिसतात. ड्यूटेरॅनॉमली म्हणजे हिरव्याची संवेदना कमी, प्रोटॅनॉमली म्हणजे लालाची कमी, आणि ट्रायटॅनॉमली म्हणजे निळ्या-पिवळ्याची अडचण. आपला प्रकार माहीत नसेल तर तिन्ही पाळीपाळीने लावून ओळखीच्या चित्राकडे पाहा. लालाची संवेदना कमी असलेल्यांना गडद लाल अक्षर काळ्यासारखे दिसते, हीही एक खूण आहे.

रंग सुधारणेचा हा फिल्टर हरवलेला रंग परत आणत नाही. जे दोन रंग मिसळतात त्यांना तो अशा छटांकडे ढकलतो की त्यांतला फरक दिसावा. त्यामुळे माणसांचे चेहरे आणि कपड्यांचे रंग विचित्र दिसतात. म्हणून मी तो कायम चालू ठेवत नाही. वरून खाली ओढल्यावर येणाऱ्या झटपट पट्टीत त्याचे बटण ठेवले आहे. आलेखातील दोन रेघा एकच वाटल्या की बटण दाबतो, पुन्हा बंद करतो. दोन्ही वेळी रेघा वेगवेगळ्या प्रकारे बदलल्या तर त्या भिन्न रंगांच्या आहेत, हे कळते. फिल्टर चालू असताना घेतलेल्या स्क्रीनशॉटमध्ये हे बदललेले रंग उतरत नाहीत, त्यामुळे “मला असे दिसते” म्हणून तो कोणाला पाठवण्यात अर्थ नाही.

आयफोनवर हीच सोय अ‍ॅक्सेसिबिलिटीतील डिस्प्ले व मजकुराच्या आकाराच्या पानावर आहे, आणि भिंगासाठी तीन बोटांनी दोनदा टकटक करावे लागते.

रंगांधत्व बरे करण्याचा दावा करणारे महागडे चष्मे इंटरनेटवर विकले जातात. काहींना त्यांनी काही छटा वेगळ्या भासतात, पण रंगांधत्व त्यांनी बरे होत नाही.

६. विंडोज संगणक

मजकुराचा आकार सेटिंग्जमधून २२५ टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. विंडोजची कळ आणि अधिकची कळ एकत्र दाबल्यास भिंग उघडते, विंडोज आणि एस्केप दाबल्यास बंद होते. भिंग चालू असताना कंट्रोल, ऑल्ट आणि आय दाबले की रंग उलटे होतात. रंगांचे फिल्टर अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या विभागात आहेत. तेथे शॉर्टकटला परवानगी दिली की विंडोज, कंट्रोल आणि सी या कळांनी ते चालू-बंद करता येतात. परवानगी न देता कळा दाबल्यास काहीच होत नाही. माउसचा बाण मोठा आणि गडद रंगाचा करून ठेवा. अल्पदृष्टी असलेल्या माणसाचा बराच वेळ तो बाण शोधण्यातच जातो.

७. ब्राउझर

संगणकावर कंट्रोल आणि अधिकची कळ दाबून पान मोठे होते, आणि कंट्रोल व शून्य दाबून मूळ आकार परत येतो. क्रोममध्ये ही वाढ ५०० टक्क्यांपर्यंत जाते आणि प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळी लक्षात ठेवली जाते. फोनवरील क्रोमच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी या पानावर मूळ झूम वाढवता येतो. जी पाने दोन बोटांनी मोठी होऊ देत नाहीत त्यांच्यावर सक्तीने झूम लागू करण्याचा पर्यायही तेथेच आहे. तो अवश्य चालू करा.

मराठी वाचकांसाठी मी संगणकावर फायरफॉक्स सुचवतो, आणि त्याला कारण आहे. त्याच्या फाँटच्या प्रगत पानावर देवनागरी लिपी वेगळी निवडून तिचा फाँट आणि किमान आकार ठरवता येतो. देवनागरीत एका अक्षराच्या वर अनुस्वार, रफार आणि मात्रा, तर खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय असतो. इंग्रजीला पुरेसा असलेला आकार आपल्या अक्षरांना पुरत नाही, आणि ‘ध’ व ‘घ’ किंवा ‘भ’ व ‘म’ यांत गोंधळ होतो. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता यांसारखा सारख्या जाडीचा फाँट निवडून पाहा. पानांना स्वतःचा फाँट वापरण्याची परवानगी काढून घेतली तर सर्वत्र आपलाच फाँट दिसेल, पण काही पानांवर बटणांवरच्या चिन्हांऐवजी रिकाम्या चौकटी येतील. तसे झाल्यास तेवढ्यापुरती परवानगी परत द्या.

दुव्यांना नेहमी अधोरेखा देण्याचा पर्यायही फायरफॉक्समध्ये आहे. लालाची संवेदना कमी असेल तर न पाहिलेल्या दुव्याचा निळा आणि पाहिलेल्याचा जांभळा सारखेच भासतात. रंगांच्या सेटिंगमध्ये पाहिलेल्या दुव्याचा रंग बदलून घ्या.

लांब लेखांसाठी वाचनदृश्य वापरा. विंडोजवर फायरफॉक्स आणि एज या दोन्हींत एफ९ ही कळ दाबल्यास जाहिराती आणि कडेचे रकाने निघून जातात, आणि अक्षराचा आकार, ओळींतील अंतर व पार्श्वभूमी ठरवता येते. प्रत्येक पानावर ते मिळत नाही, अर्ज भरण्याच्या पानांवर तर नाहीच.

८. डोळे थकले की ऐकणे

फोनवरील सिलेक्ट टू स्पीक ही सोय आपण निवडलेला मजकूर वाचून दाखवते. त्यासाठी गूगलच्या वाचिक सेवेत मराठी आवाज आधी डाउनलोड करावा लागतो. तो नसेल तर मराठी मजकूर गाळला जातो किंवा भलताच वाचला जातो. एजमध्ये मोठ्याने वाचण्याची सोय आहे आणि तिच्यात मराठी आवाज मिळतात.

जुन्या मराठी पीडीएफ फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेल्या असतात. डोळ्यांना मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरांचे कडबोळे असते, आणि वाचक यंत्र ते कडबोळे वाचते. तुमच्या फोनमध्ये बिघाड नाही. अशा पानाचा स्क्रीनशॉट घेऊन तो गूगल लेन्समध्ये उघडा. ते चित्रातून अक्षरे ओळखते आणि वाचून दाखवते. नाव, गट क्रमांक आणि रक्कम मात्र दुसऱ्या माणसाकडून पडताळून घ्या.

९. जी पाने केवळ रंगाने बोलतात

हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे चार रंग आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. नकाशावर हिरवा, पिवळा आणि नारिंगी मला एकाच मातकट रंगाच्या छटा वाटतात. कापूस वेचणीला आला असताना हा गोंधळ महागात पडतो. म्हणून नकाशा सोडून जिल्हानिहाय लिखित अंदाज वाचा. हवामान खात्याच्या विभागणीत जळगाव, धुळे आणि नंदुरबार मध्य महाराष्ट्रात येतात, तेव्हा तेथे शोधा. रेल्वेच्या आरक्षणातही जागा आहे की प्रतीक्षा यादी, हे रंगाबरोबर शब्दांत लिहिलेले असते. रंगाकडे न पाहता शब्द वाचण्याची सवय लावा. बाजारभावांच्या आलेखावर बोट किंवा बाण ठेवल्यास पुष्कळदा आकडा उमटतो, आणि तक्ता दाखवण्याचा पर्याय असेल तर तोच उघडा.

अर्जात चुकलेला रकाना फक्त लाल चौकटीने दाखवला जातो तेव्हा फिल्टर चालू करा किंवा पानावर ‘आवश्यक’ हा शब्द शोधा. वाकड्या अक्षरांचा कॅप्चा दिसत नसेल तर त्याच्या शेजारी कानाचे किंवा ध्वनिक्षेपकाचे चिन्ह आहे का पाहा.

१०. परवानगी देताना सावध राहा

फोन नीट दिसत नसलेला माणूस मदत मागतो, आणि नेमका त्याचाच गैरफायदा घेतला जातो. अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मिळालेले अ‍ॅप पडद्यावरचे सर्व वाचू शकते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबू शकते. योजनेच्या किंवा वाहनाच्या दंडाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल, फोनमध्ये कधीही टाकू नका. “अक्षरे मोठी करून देतो” म्हणून कोणी फोनवरून पडदा शेअर करायला सांगितला तर नकार द्या. वर सांगितलेल्या कोणत्याही कामासाठी पडदा कोणाला दाखवावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर कळवा.

११. संकेतस्थळाला लिहा

काही पाने आपल्या बाजूने कितीही बदल केले तरी वाचता येत नाहीत. दोष पानाचाच असतो. वेब सामग्रीच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१, मोठ्या मजकुराचा किमान ३:१ असायला हवा, मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा करता यायला हवा, आणि कोणतीही माहिती केवळ रंगाने दिलेली नसावी. पांढऱ्यावर काळे अक्षर २१:१ भरते, तर पांढऱ्यावर शुद्ध लाल अक्षर सुमारे ४:१, म्हणजे बारीक मजकुराला अपुरे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम असण्याविषयी तरतूद आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा मिळण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ शी जोडला आहे.

पत्र रागाने लिहू नका, नेमके लिहा. कोणते पान, कोणता फोन किंवा ब्राउझर, कोणती कृती अडली आणि काय बदलल्यास चालेल, एवढे चार मुद्दे पुरतात. एका शिकवणी वर्गाला मी असे लिहिले होते की, “वेळापत्रकात रद्द झालेले तास लाल आणि होणारे हिरवे दाखवले आहेत, मला दोन्ही सारखे दिसतात, कृपया शेजारी ‘रद्द’ असा शब्द लिहावा.” दोन दिवसांत तो शब्द तेथे आला.

१२. शेवटचा कागद

सर्व लावून झाल्यावर जाड पेनाने एका कागदावर तीन गोष्टी लिहा : भिंगाचे बटण कुठे आहे, टॉकबॅक कसा बंद करायचा, आणि सेटिंग्ज कोणत्या पायरीवर ठेवल्या आहेत. फोन बदलला की हे सारे पुन्हा करावे लागते, आणि कधी कधी अपडेटनंतर नावे व जागा बदलतात. आईचा तो कागद देवघराच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे, आणि मी जळगावला नसताना शेजारची मुले तो वाचून तिचा फोन पूर्ववत करून देतात.